पहिली एलपी: ‘ॲबी रोड’ की ‘डार्क साइड ऑफ द मून’?

भाच्याकडे एकाच एलपीचे, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकडीचे, पैसे आहेत आणि तो या दोन अल्बममध्ये अडकलाय. दोन्ही मुख्यतः लंडनच्या एकाच स्टुडिओत घडले. ‘ॲबी रोड’ बीटल्स या बँडचा, १९६९चा; ‘डार्क साइड’ पिंक फ्लॉइड या बँडचा, १९७३चा.

पहिल्याच ऐकण्यात मनात बसतो ‘ॲबी रोड’. बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनची ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’ कुठूनही लावा, लगेच भिडतात. ‘डार्क साइड’ला वेळ द्यावा लागतो. तो हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, ठोक्यांवरच संपतो. मधलंच एखादं गाणं उचललं तर निम्मी गंमत जाते.

ध्वनीची खोली मात्र फ्लॉइडचीच. ‘टाइम’ या गाण्याच्या सुरुवातीला सगळी घड्याळं एकदम खणखणतात. याच अल्बममधल्या गायिका क्लेअर टोरीच्या शब्दांविनाच्या गाण्याने आजही माझ्या अंगावर काटा येतो.

बीटल्सच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला छोटे छोटे तुकडे एकमेकांत ओवलेत, जवळपास १६ मिनिटांची ती माळ. शेकडो वेळा ऐकूनही मला ती शिळी वाटलेली नाही.

घरात सगळ्यांसोबत, कामं करता करता ऐकायचं असेल तर ‘ॲबी रोड’. दिवा मालवून ४३ मिनिटं एकट्याने बसायची तयारी असेल तर ‘डार्क साइड’. भाचा नुकताच गिटार शिकू लागलाय, त्याला मी बीटल्सच घे म्हटलं.