ब्रेल पाटीचे आठ महिने: कानानं जे शिकता येत नव्हतं ते

माझी नात पाचवीत आहे. तिला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. यात आधी रात्रीचं दिसणं कमी होतं, मग नजरेची चौकट कडेनं आत आत सरकत येते. सकाळच्या उजेडात ती मोठ्या टाइपाचं पुस्तक वाचते, पण दहा मिनिटांत कपाळ धरून बसते. संध्याकाळी पुस्तक बंदच. त्यामुळे दोन वर्षं सगळा अभ्यास कानावर चालला होता. सून धडे वाचून दाखवायची, उरलेलं फोन वाचायचा. तोंडी काहीही विचारा, उत्तर तयार. घरात सगळे समाधानी होते, मीही होतो.

गेल्या जूनमध्ये सहज विचारलं, "नदी कशी लिहायची?"
"न, आणि द ला पहिली वेलांटी."
'फूल'ला पहिला उकार, 'दीपक'ला पहिली वेलांटी. मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक तिची नव्हतीच. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ वेगळं करतोच कुठे? दिन आणि दीन कानाला सारखेच. ज्या मुलीनं शब्द कधी नीट पाहिलाच नाही, तिला वेलांटी कोणती हे कळणार कुठून?

गट साधन केंद्राकडून येणाऱ्या विशेष शिक्षिकेनं ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावदार टिंबांची लिपी, लिहायची पाटी आणि स्टायलस (टिंबं टोचायची टोचणी) आणून दिला. त्यावरून घरातच वाद झाला. "अजून दिसतंय की पोरीला, आत्तापासनं कशाला ब्रेल?" असं पाहुण्यांपैकी दोघांनी तोंडावर सुनावलं. मला वाटतं, थोडं दिसणाऱ्या मुलांचं सर्वांत जास्त नुकसान याच वाक्यानं होतं. पूर्ण अंध मुलाच्या हातात ब्रेल देतात तरी. हिच्यासारखी मुलं ना धड डोळ्यांनी वाचत, ना बोटांनी.

पहिले तीन आठवडे पाटीला हातच लावला नाही. अंड्याच्या ट्रेचा सहा खड्ड्यांचा तुकडा कापला आणि गोट्या घेतल्या. ब्रेलचं अक्षर सहा टिंबांच्या घरात बसतं: डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. क म्हणजे १-३, ब म्हणजे १-२. गोट्या ठेवायच्या, चाचपायच्या, ओळखायच्या. हा खेळ तिला आवडला.

पाटीवर आल्यावर खरी कसोटी. कागद दोन पट्ट्यांत अडकवून स्टायलसनं टिंब टोचायचं असतं, म्हणजे ते पाठीमागे उमटतं. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि कागद पलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. मी सुरुवातीला "उलटं लिही" म्हणत गेलो आणि गोंधळ वाढवला. शिक्षिकेनं सांगितलं, उलटं-सुलटं हे शब्दच काढून टाका. लिहिताना आधी येणारा उभा रकाना पहिला, नंतरचा दुसरा, एवढंच सांगा. आठ दिवसांत हात बसला. कुणी घरी शिकवणार असाल तर माझी ही चूक करू नका.

भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ साली ठरली. तिच्यात आवाजाला खूण आहे, लिपीच्या आकाराला नाही. आमच्या सांगली जिल्ह्यात जतकडे कन्नड शाळा आहेत. तिथलं मूलही क साठी तेच १-३ उमटवतं. वेलांटी अक्षराच्या आधी-नंतर अशी धावत नाही, उच्चाराच्या क्रमानं अक्षरामागेच येते. आणि इ म्हणजे २-४, ई म्हणजे ३-५. बोटाला दोन्ही साफ वेगळे लागतात. इथेच आमचं गाडं मार्गी लागलं. 'नदी', 'वाणी', 'भाकरी' वाचता वाचता एक दिवस ती म्हणाली, "आबा, शब्दाच्या शेवटी नेहमी तीन-पाचच येतंय." नियम मी सांगितला नव्हता. मग मी 'आणि' लिहून पुढे ठेवलं. तिचं बोट शेवटच्या घरावर तीनदा फिरलं.

आता अडचणी. प्लॅस्टिकच्या पाटीची बिजागरी तिसऱ्या महिन्यात गेली. नंतर धातूची घेतली, ती पक्की आहे. स्टायलसची मूठ मोठ्या माणसाच्या हाताची होती, तिच्या तळव्याला घट्टे पडले. लहान मूठ शोधा. वहीचा कागद चालत नाही, टिंब फाटतं किंवा लगेच बसतं. जुन्या कॅलेंडरची पानं चांगली. गणपती पेठेतल्या एका छापखान्यातून मी लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या कापून उरलेल्या पट्ट्या आणतो, ते मागेच पैसे नको म्हणाले. पावसाळ्यात कृष्णेकाठची हवा एवढी ओलसर की कागद मऊ पडून टिंबं दबली. लिहिलेले कागद एकावर एक रचू नका, उभे ठेवा.

वेगही कमीच. 'पुस्तक' या तीन अक्षरांना सहा घरं लागतात, कारण उकाराला वेगळं घर आणि जोडाक्षरात आधी टिंब ४. चूक खोडणं कठीण. टिंब नखानं दाबलं तरी खूण राहते.

एक सांगायलाच हवं. फळ्यावरचं वाचता येत नाही म्हणून वर्गात एकानं तिला 'ढ' म्हटलं होतं. घरी येऊन ती काही बोलली नव्हती. ढ शिकायची वेळ आली तेव्हा तिनं घरातली टिंबं मोजली. सहाच्या सहा. भारती ब्रेलमध्ये सगळी टिंबं भरलेलं हेच अक्षर. त्या दिवशी तिनं ते पानभर लिहिलं आणि मग वर्गातली गोष्ट मला सांगितली.

फोन आम्ही सोडलेला नाही. गोष्टी, इतिहास, सामान्य ज्ञान यांना फोनच बरा. २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातूनही पुस्तकं मिळतात. पण शुद्धलेखन, व्याकरण, कविता बोटाखालीच. गणितासाठी टेलर पाटी नुकतीच सुरू केली आहे. तिच्या भोकात खिळा आठ दिशांनी बसतो, दिशेवरून अंक ओळखायचा. त्यावर आणखी काही महिने गेल्यावर लिहीन. माझं स्वतःचं बोट मात्र अजून ओळ वाचत नाही. मी डोळ्यांनी वाचतो, आणि ती हसून माझा हात कागदावर ठेवते.

गेल्या रविवारी तिनं आजीच्या डब्यांसाठी पट्ट्या केल्या. हळद, जिरे, हिंग, चिंच. मी 'चिंच' तपासायला घेतली, तर म्हणाली, "पहिलीच आहे आबा. पुढे अनुस्वार आलाय."