पातळ डांबरी थरासाठी भाड्याचा पेव्हर : जळगाव परिसरातील एका सेवेचा अभिप्राय

जिनिंगच्या आवारातील रस्त्यावर २५ मिलिमीटर जाडीचा डांबरी थर देण्यासाठी आम्ही चालकासह पेव्हर (डांबरी माल रस्त्यावर पसरणारे यंत्र) पुरवणाऱ्या एका स्थानिक व्यावसायिकाची सेवा घेतली. पेव्हरचा वेग डांबरी माल तयार करणाऱ्या प्लांटच्या उत्पादनावरून ठरवण्याची शिस्त ही त्यांची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. पट्टा साडेतीन मीटर रुंद आणि दाबलेल्या मालाची घनता घनमीटरला सुमारे २.३५ टन धरली, तर मीटरभर लांबीला जेमतेम २०५ किलो माल लागतो. त्यामुळे प्लांट ताशी ६० टन देत असेल तर वेग मिनिटाला पाच मीटरच्या किंचित खाली येतो, आणि थर ५० मिलिमीटरचा असता तर तो निम्म्यावर आला असता. पातळ थरात पेव्हर भराभर पुढे सरकतो, डंपरला उशीर झाला की उभा राहतो आणि स्क्रीडपाशी, म्हणजे थर सपाट करणाऱ्या मागच्या पट्टीपाशी, माल थंड होऊन आडवा उंचवटा उरतो. डंपर कमी असल्याचे पाहून चालकाने वेग चार मीटरवर आणला आणि प्लांटला ताशी ५० टनांवर यायला कळवले. हा निर्णय मला मनापासून आवडला. सांधे गुळगुळीत आले.

रोलर मात्र एकच दिला, ही गंभीर उणीव आहे. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर गेला, तरी दीडशे अंशांच्या आसपासचा पातळ थर झपाट्याने निवतो आणि मग दाबला जात नाही. काम ठरवतानाच दुसरा रोलर लेखी मागून घ्यावा.