मधासाठी कुठली मधमाशी पाळायची: देशी सातेरी की परदेशी मेलिफेरा?
खानापूरकडे घरामागे चार गुंठे आणि दोन शेळ्या एवढाच पसारा असेल, तर माझं मत सरळ सातेरीला. ही इथलीच माशी. जांभूळ, हिरडा फुलला की आपसूक कामाला लागते. मध मात्र मेलिफेरापेक्षा बराच कमी. आणि उपासमार झाली किंवा मेणकिडा (पोळ्याचं मेण खाणारी अळी) लागला की अख्खी वसाहत पेटी सोडून पसार! म्हणून पेटीचा तळ वरचेवर झाडायचा, स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, नाहीतर मुंग्या टपलेल्याच.

मेलिफेरा भरपूर मध देते, पण पेट्या फुलोऱ्यामागे हलवाव्या लागतात. अथणीकडे सूर्यफुलाचं रान जवळ असेल तर ठीक. पावसाळ्यात माश्यांना पाजायच्या साखरेच्या पाकाचा खर्चही तिचाच जास्त, वर व्हरोआ माइटचा, म्हणजे माश्यांना चिकटणाऱ्या बारीक परजीवी किडीचा ताप. शेळ्या मात्र पेटीच्या दारासमोर बांधू नका, माशी कुठलीही असो.