भेकर-सांबरांसाठी स्वस्तात पाणवठा : माती, कागद, सिमेंट की जुनी काहील?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडी या भागात डोंगराला लागून ज्यांची पड जमीन आहे, त्यांना हा प्रश्न पडतोच. पावसाळ्यात चार महिने धो-धो पाणी, आणि मार्च उलटला की ओढ्यात नुसते गोटे. जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे डोंगरावरचं सपाट कातळ, पाणी धरून ठेवत नाही. मग आपल्याच रानात एखादं लहानसं तळं केलं तर? करावं. पण खोदाईच्या खर्चावरून ठरवू नका. खड्डा एकदाच काढायचा असतो, पाणी मात्र दर उन्हाळ्यात भरावं लागतं.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघडं पाणी दिवसाला साधारण 5 ते 8 मिलिमीटर उडून जातं. 3 मीटर व्यासाच्या पाणवठ्यातून नुसत्या उन्हानं रोज 35 ते 55 लिटर गेलं, जनावरं पितील ते वेगळं. दुप्पट रुंद केला तर उडणारं पाणी चौपट. म्हणून आकार लहान ठेवा आणि पश्चिमेला झाड असेल अशी जागा धरा, म्हणजे दुपारनंतर सावली पडते.

रानात झरा असेल किंवा ओढा दिवाळीनंतरही वाहत असेल, तर विकत काहीच आणू नका. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घाला. चार माणसं, एक दिवस. पुढच्या पावसात तो जाणारच, त्यामुळं पोती आधी काढून घ्यायची आणि दरवर्षी नव्यानं घालायचा. ओढा सामाईक असेल तर खालच्या शेतकऱ्याला विचारून घ्या, नाहीतर हरणं राहिली बाजूला आणि बांधावर भांडण.

झरा नाही, पण जमीन भाताच्या खाचराजवळ आहे? मग मातीचं तळं. ओल्या मातीची करंगळीएवढी वळी करा आणि कड्यासारखी वाकवा. तुटली नाही तर माती चिकण आहे. खड्ड्याला फूटभर चिकण मातीचा थर द्यायचा आणि रोप लावणीआधी जशी चिखलणी करतो तशी बैलांनी किंवा म्हशींनी तो तुडवून घ्यायचा. खाचरात पाणी उभं राहतं ते ह्याच युक्तीनं. सांबराला असलं तळं मनापासून आवडतं, कारण माजावरचा नर चिखलात लोळतो, आणि ते सुख सिमेंटमध्ये नाही. वाईट बाजू एकच, पण मोठी : एकदा पूर्ण वाळलं की थराला भेगा पडतात आणि पुढचं पाणी खाली निघून जातं. काळ्या मातीला तर हमखास. उन्हाळाभर तळाशी ओल टिकवता येणार नसेल तर या वाटेला जाऊ नये.

शेततळ्याचा कागद, म्हणजे 500 मायक्रॉनचं प्लास्टिक, जांभ्यावरही पाणी धरतो. काम एका दिवसात होतं. माझा त्याला विरोध दोन कारणांनी आहे. एक, खूर. गव्यांचा कळप एकदा उतरला की कागदाची चाळण होते, आणि दाजीपूरच्या गवा अभयारण्याच्या आजूबाजूला तुमच्या पाण्यावर भेकराआधी गवाच येणार. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. उभ्या काठाच्या शेततळ्यात पडलेल्या जनावराचे पाय ओल्या प्लास्टिकवर ठरत नाहीत आणि ते पोहून-पोहून बुडतं. कागदच वापरायचा असेल तर काठ अगदी पसरट घ्या, तीन फुटाला एक फूट उतार, आणि वर अर्धा फूट माती व बारीक मुरूम पसरा.

सिमेंटची बशी हा जांभ्यावरचा माझा पहिला पर्याय. व्यास 3 मीटर, मधोमध खोली दीड फूट, काठ जमिनीशी एकसारखा. एवढ्यात हजार ते दीड हजार लिटर पाणी मावतं. 10 सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटला साधारण 5 पोती सिमेंट लागतं, आत कोंबडी-जाळी घातली की तडे कमी जातात. भरावावर मात्र बांधू नका, जमीन खचली की बशी फुटलीच. गवंड्याला एक गोष्ट बजावून सांगा : घोटाई नको, पृष्ठभाग खरबरीत हवा. दुसरी, काठाला विटांचा कठडा नको. पिसोरी, म्हणजे इवलंसं उंदीर-हरीण, खांद्याशी फूटभरसुद्धा उंच नसते. टाकीसारखं बांधलेलं पाणी तिच्या काय कामाचं! दहा-बारा दिवस पाणी मारा, मग दोनदा भरून उपसून टाका, कारण ताज्या सिमेंटचं पाणी फार खारवट-चुनखडी असतं.

आता काहील, म्हणजे गुळासाठी उसाचा रस उकळायची मोठी पसरट कढई. गुऱ्हाळं बंद पडत चालल्यामुळं जुन्या काहिली भंगारात मिळतात. भोकं वेल्डिंगनं बुजवून काठापर्यंत जमिनीत पुरली आणि आत दगडांची उतरंड रचली, की पाणवठा तयार. उघड्यावर लोखंड तापतं, त्यामुळं सावली हवीच. इथं जनावर येतं की नाही याची खात्री करायला इतकं सोपं साधन दुसरं नाही. उद्या जागा चुकीची निघाली तर उचलून दुसरीकडे नेता येतं.

जागेबद्दल थोडं. ऊस आणि भातापासून लांब, वस्तीपासून त्याहून लांब, कारण हरणामागं बिबट्या येतो. गावची गुरं त्याच पाण्यावर सोडू नका, लाळ-खुरकूत दोन्हीकडे पसरते. आजरा-चंदगडकडे हत्तीही फिरतात. तिथं बांधकामात पैसे घालण्यापेक्षा मातीचं तळंच बरं, मोडलं तरी पुन्हा तुडवता येतं. काम सुरू करण्याआधी वनरक्षकाला सांगून ठेवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, पण उन्हाळ्यात पाण्यावर टपून बसणारे असतात. काठाजवळ फासा, तार किंवा ताजं मचाण दिसलं तर ते स्वतः काढत बसू नका, आधी वनखात्याला फोन करा.