सव्हानातलं गॉर्डन घर: आधी नदीकाठ, मग दिवाणखाना

जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात, बुल स्ट्रीट आणि ऑगलथॉर्प ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचं हे घर बहुतेक जण ज्युलिएट गॉर्डन लो यांचं जन्मस्थान म्हणून पाहतात. अमेरिकेतल्या मुलींसाठीची गर्ल स्काउट्सची चळवळ त्यांनी सुरू केली. संघटनेने 1953 मध्ये घर विकत घेतलं आणि 1956 पासून ते संग्रहालय म्हणून खुलं आहे. पण ज्यांच्या व्यापारावर हे घर चाललं ते ज्युलिएटचे वडील विल्यम वॉशिंग्टन गॉर्डन दुसरे (1834–1912). कापसाचे अडत्ये, 1861–65 च्या अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या फौजेतले अधिकारी, पुढे राज्याच्या प्रतिनिधिगृहात आमदार. त्यांच्यासाठी हे घर पाहावं का? जरूर पाहावं. मात्र केवळ घर पाहून परतलात तर गॉर्डन अर्धेच कळतील. घरात त्यांचा संसार दिसतो, धंदा नाही. आणि धंदा समजल्याशिवाय या माणसातला सैनिकही कळत नाही, आमदारही.

म्हणून सुरुवात बे स्ट्रीटवर करा. शहर नदीपासून साधारण 40 फूट उंच कड्यावर वसलेलं आहे आणि कड्याला टेकून विटांच्या वखारींची रांग उभी आहे. रस्त्याच्या बाजूने त्या बुटक्या वाटतात, नदीच्या बाजूने चार-पाच मजली. वरच्या मजल्यांवर पेढ्या, खालच्यांत माल. इमारती आणि कडा यांच्यामध्ये खोलगट गल्ली आहे, तिच्यावरून लोखंडी पूल जातात. हाच फॅक्टर्स वॉक, म्हणजे अडत्यांची वाट. पुलावर थांबून खाली पाहिलं की व्यवहाराची रचना लगेच लक्षात येते: खालून गाड्या जायच्या, वरून अडत्ये माल न्याहाळायचे.

गॉर्डन यांची भागीदारी होती टायसन अँड गॉर्डन या पेढीत. अशा पेढीचं काम सोपं नव्हतं. मळेवाला पीक हाती येण्याआधीच उचल घ्यायचा, वर्षभराचं धान्य, अवजारं, कापडही पेढीमार्फत मागवायचा. कापूस आला की गाठीचं कापडी वेष्टन कापून नमुना काढायचा, धाग्याची लांबी, रंग आणि कचरा पाहून प्रत ठरवायची, मग खरेदीदार गाठायचा. अडत साधारण अडीच टक्के, शिवाय उचलीवर व्याज. बिघडायचं ते इथेच. पीक बुडालं किंवा इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या कापसाच्या मोठ्या बाजारातला भाव उतरला की मळेवाल्याचं कर्ज पेढीच्या गळ्यात यायचं, कारण त्याच्या हुंड्यांवर पेढीचीही सही असायची. आणि या साऱ्या कर्जाला तारण काय? जमीन आणि गुलाम केलेली माणसं. हे वाक्य पुलावर उभं असतानाच मनात पक्कं करा, कारण पुढे दिवाणखान्यातली चांदीची भांडी पाहताना ते विसरायला होतं. गॉर्डन कुटुंबाच्या मालकीतही गुलाम होते आणि घरचं कामही त्यांच्याच हातांनी चालायचं.

तिथून जवळच, ड्रेटन स्ट्रीटच्या उतारावर कमान टाकून बांधलेलं लाल विटांचं कॉटन एक्स्चेंज, म्हणजे कापूस बाजाराची इमारत, आहे. बांधकाम 1886–87 चं, म्हणजे युद्धानंतर वीस वर्षांनी पुन्हा भरात आलेल्या बाजाराचं. ते बाहेरूनच पाहिलं तरी चालतं. त्यातही एक मेख आहे: एक्स्चेंज उभं राहिलं तेव्हाच अडत्यांचा जुना धंदा आतून पोखरला जात होता. रेल्वेमुळे खरेदीदार थेट आतल्या गावांत माल घेऊ लागले, लिव्हरपूलपर्यंतच्या वाहतुकीची एकच पावती तिथेच फाडली जाऊ लागली आणि उचल देण्याचं काम गावच्या दुकानदाराकडे गेलं.

मुंबईच्या वाचकाला इथे ओळखीची जागा सापडेल. 11 एप्रिल 1862 रोजी नदीच्या मुखाशी असलेला फोर्ट पुलास्की उत्तरेच्या तोफांपुढे पडला आणि सव्हानाचं बंदर जवळपास बंद झालं. दक्षिणेचा कापूस अडकला, लिव्हरपूलचा भाव तिपटीहून वर चढला आणि आपल्याकडच्या आखूड धाग्याच्या कापसाला, ज्याला इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गिरणीवाले एरवी नाकं मुरडत, सोन्याचा भाव आला. मुंबईत समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरांचा उन्माद त्याच पैशाचा. युद्ध संपल्याची बातमी आल्यावर 1865 मध्ये मुंबईचा बाजार कोसळला आणि 1 जुलैला वायदे पुरे करता न आलेल्या पेढ्या बुडाल्या. त्याच वर्षी गॉर्डन रिकाम्या पेढीत परतत होते.

आता बुल स्ट्रीटने दक्षिणेकडे चाला, दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे. वाटेत राइट स्क्वेअरमध्ये 1883 चं उंच स्मारक लागेल. त्यावरचं नाव वाचून बरेच जण फसतात. ते आपल्या गॉर्डन यांचं नाही, त्यांच्या वडिलांचं: विल्यम वॉशिंग्टन गॉर्डन पहिले, शहराचे महापौर आणि सेंट्रल ऑफ जॉर्जिया रेल्वेचे पहिले अध्यक्ष. 1842 मध्ये, रेल्वेमार्ग जॉर्जियातल्याच मेकन शहराला पोचण्याआधी एक वर्ष, ते वारले. स्मारक उभारलं गेलं ते इथल्या मूळनिवासी यामाक्रॉ लोकांचे प्रमुख टोमोचीची यांच्या दफनस्थळावर. पुढे 1899 मध्ये याच घरातल्या सूनबाई, म्हणजे आपल्या गॉर्डन यांच्या पत्नी, नेली किन्झी गॉर्डन यांच्या पुढाकाराने चौकात टोमोचीचींच्या स्मरणार्थ ग्रॅनाइटची मोठी शिळा बसवली गेली. ती शोधून पाहाच.

घर मुळात 1821 च्या सुमारास जेम्स मूर वेन यांच्यासाठी पूर्ण झालं. ते पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. 1831 मध्ये गॉर्डन कुटुंबाने ते घेतलं. बाहेर उभं राहून आधी वरचा मजला आणि बाजूचा व्हरांडा मनातून पुसून टाका. दोन्ही 1886 ची भर आहे, ज्युलिएटच्या लग्नाच्या वर्षातली. आतली मांडणीही त्याच काळाकडे झुकलेली आहे. त्यामुळे डिसेंबर 1864 मध्ये सव्हाना जिंकणारे उत्तरेचे जनरल शर्मन ज्या घरात नेलीला भेटायला आले, ते घर तुम्हाला कल्पनेनेच उभं करावं लागतं. नेली शिकागोची, तिचे भाऊ उत्तरेकडून लढत होते आणि नवरा दक्षिणेच्या फौजेत. शर्मनने तिच्या माहेरची पत्रं आणून दिली. त्याच दिवसांत त्यांनी अध्यक्ष लिंकनना तार करून शहर नाताळची भेट म्हणून दिलं, सोबत सुमारे 25,000 गाठी कापूस. गाठी सरकारजमा झाल्या. व्यापारी आणि सैनिक अशा दोन्ही बाजूंनी गॉर्डन एकाच महिन्यात हरले.

मार्गदर्शकाला विचारण्यासारखे प्रश्न म्हणूनच वेगळे आहेत. घरात राबणारी माणसं कुठे राहत? तळमजल्यावर कोणती कामं चालत? 1865 च्या सुरुवातीला मुलींना घेऊन नेली शिकागोला गेली, तेव्हा मागे काय उरलं? बागेचं लोखंडी फाटक ज्युलिएटने स्वतः घडवलेलं आहे, ते चुकवू नका. आणि 1898 बद्दल विचारायला विसरू नका. दक्षिणेकडून लढलेले गॉर्डन स्पेनविरुद्धच्या युद्धात अमेरिकेच्याच सैन्यात ब्रिगेडियर जनरल झाले आणि स्पेनच्या सैन्याकडून पोर्तो रिको रिकामं करून घेणाऱ्या आयोगावर बसले. 1884 पासूनच्या आमदारकीपेक्षा हा पालट त्यांच्याबद्दल जास्त सांगतो.

वेळ असेल तर लाफायेट स्क्वेअरवरचं अँड्र्यू लो हाउसही जोडून घ्या. ज्युलिएटचं सासर, तेही कापसाच्या पैशाचं. लिव्हरपूलच्या टोकाची बाजू इथे कळते आणि मार्च 1912 मध्ये गर्ल गाइड्सची (गर्ल स्काउट्सचं तेव्हाचं नाव) पहिली नोंदणी झाली तीही या वास्तूशी जोडलेली आहे. पुण्यातलं 1966 पासूनचं 'संगम' हे गाइड्सचं जागतिक केंद्र ज्यांनी पाहिलंय, त्यांनी तर जावंच. कागदपत्रांत रस असणाऱ्यांसाठी फोर्सिथ पार्कशेजारच्या जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटीत गॉर्डन कुटुंबाचे कागद आहेत; तिथे आधी कळवून जावं.

अटलांटाहून गाडीने चार तास लागतात. मार्चचा मधला आठवडा टाळा: 12 तारखेला गर्ल स्काउट्सचा वर्धापनदिन, 17 ला सेंट पॅट्रिकची मिरवणूक, गावात पाय ठेवायला जागा नसते. घराचं तिकीट वेळ ठरवून आधीच काढा आणि सकाळ नदीकाठासाठी मोकळी ठेवा. नदीकडे उतरणारे दगडी जिने फार उभे आहेत, पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आणि पावसात निसरड्या होतात. खालचा रस्ता जहाजांतून भार म्हणून आलेल्या गोट्यांचा आहे, त्यामुळे जाड तळव्याचे बूट हवेत. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या पुलांवरूनच पाहावं, दिसायचं ते सगळं तिथूनही दिसतं.