गुडघ्यातला ‘पू’ काढणाऱ्या वैद्यांपासून सावध राहा

आईच्या गुडघ्यातला ‘पू’ काढून देतो म्हणून एक माणूस आमच्या पुण्याच्या घरातून एक लाख साठ हजार रुपये घेऊन गेला. मुंबई-बेंगळुरूकडे अशाच फसवणुकीच्या पोलीस तक्रारी आधी झालेल्या आहेत. ही यांची ठरलेली पद्धत आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. घरात कुणी गुडघ्यावर हात टेकून उठत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

पहिला भेटतो तो वैद्य नसतोच. मंडईत, बागेत, बँकेच्या पायऱ्यांवर एखादा इस्त्रीच्या कपड्यातला, गोड बोलणारा माणूस थांबतो. “काकू, गुडघे का? माझ्या आईचं अगदी असंच होतं. ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरली होती, आता पर्वती चढते.” वैद्याचा नंबर तो देत नाही. “ते हल्ली कुणाकडे जात नाहीत, तुमच्यासाठी विचारून बघतो,” म्हणतो आणि आपला नंबर घेऊन जातो. मग फोनची वाट आपणच बघत बसतो.

वैद्यबुवा आले ते एका मदतनीसाला घेऊन. तासभर त्यांनी आईचं ऐकून घेतलं. कधीपासून दुखतं, जिना चढताना की उतरताना, रात्री झोप लागते का. मग आईने विचारलं, “आता डावाही दुखायला लागलाय आणि बोटांच्या पेरांवर गाठी आल्यात. हे पसरतं का हो?” त्यांना हेच हवं होतं. “पसरतंच! उजव्यातला पू डाव्यात उतरलाय, तिथून कमरेत जाणार, मग मणक्यात. आज मुळापासून काढला नाही तर अंथरूण धराल.” आई घाबरली, बाबा त्याहून जास्त.

दर आधीच सांगितला होता : एका थेंबाला तीन हजार. “निघतील दहा-बारा थेंब.” ब्लेडने गुडघ्यावर बारीक चिरा दिल्या, त्यावर धातूची नळी धरून तोंडाने ओढायचं आणि ताटलीत पिवळा थेंब टाकायचा. मदतनीस मोठ्याने मोजत होता. प्रत्येक थेंबावर पांढरी पूड टाकली की तो लालभडक व्हायचा, म्हणजे म्हणे विष. हळदीच्या पाण्यात चुना घातला की हाच रंग येतो, कुंकू त्याच मेळातून बनतं. त्या ताटलीत नेमकं काय होतं ते तपासायची सोय उरली नाही, कारण जाताना ती त्यांनी धुऊन ठेवली. मोजणी त्र्याऐंशीवर थांबली. दोन लाख एकोणपन्नास हजार झाले, ‘आईसारख्या आहात’ म्हणून एक साठवर तोडलं. मदतनीस बाबांबरोबर बँकेत गेला. “कारण विचारलं तर घराचं काम सांगा,” असंही शिकवलं. संध्याकाळी मी ठाण्याहून फोन केला तेव्हा आई जखमांवर हळद लावून बसली होती. वैद्याचा फोन तोवर बंद झाला होता.

आईला मधुमेह आहे. चिरा लाल होऊन सुजल्या. अस्थिरोगतज्ज्ञांनी धनुर्वाताचं इंजेक्शन आणि प्रतिजैविकं दिली. संसर्ग सांध्यात उतरला नव्हता, एवढं बरं झालं. त्यांनी सांगितलं की कातडीवर चीर देऊन ओढलं तर सांध्याच्या आतलं काही बाहेर येत नाही. गुडघ्यात खरंच पाणी भरलं तर डॉक्टर ते निर्जंतुक सुईने काढतात, आणि त्याचे पैसे थेंबावर मोजत नाहीत.

पसरतं का, हा आईचा प्रश्न मात्र रास्तच होता. आधीच्या डॉक्टरांनी एक्स-रे वर धरून “वयाप्रमाणे झीज आहे” म्हटलं आणि पुढचा पेशंट बोलावला. दोन मिनिटं जास्त दिली असती तर तो प्रश्न घेऊन ती भामट्यासमोर बसली नसती, असं मला राहून राहून वाटतं. या खेपेला आम्हाला उत्तर मिळालं. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सांध्यांच्या झिजेत, पू नसतो आणि एका सांध्यातून दुसऱ्यात काही वाहत जात नाही. हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते, कडेला हाड वाढतं. पण एकाच माणसाचे अनेक सांधे झिजू शकतात : दोन्ही गुडघे, खुबे, अंगठ्याचं मूळ, बोटांची शेवटची पेरं, मान, कंबर. कारण वय, वजन, आनुवंशिकता ही कारणं सगळ्या शरीराची असतात. आजीच्या बोटांनाही अशाच गाठी होत्या. त्यात एका पायाने लंगडत चाललं की दुसऱ्यावर भार येतो. बाहेरून बघणाऱ्याला ते ‘पसरल्या’सारखं दिसतं, आणि भामट्याला तेवढं पुरतं.

खरा पू झाला तर सांधा गरम, लाल होतो, ताप येतो, पाय हलवता येत नाही. तेव्हा त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. सकाळचा आखडलेपणा तासभर टिकत असेल आणि दोन्ही मनगटं, मुठीचे सांधे सुजत असतील तर तो वेगळा आजार असू शकतो, त्याच्या रक्ततपासण्या वेगळ्या. आईला मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिलेत, वजन उतरवायला सांगितलंय. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे इतकी वर्षं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, आणि नोंदणी नसताना वैद्यकी करणं महाराष्ट्रात १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे. सोसायटीच्या गेटवरचं चित्रीकरण लगेच काढून घ्या, थोड्या दिवसांत ते पुसलं जातं. पैसे बँकेतून ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे. आणि घरच्या म्हाताऱ्यांना ओरडू नका. आई बरेच दिवस शेजारी जायलाही लाजत होती.

ही माणसं परत येतात. महिन्याभराने बाबांना दुसऱ्याच नंबरवरून फोन आला : “वैद्यबुवांचा गुरुबंधू बोलतोय, डाव्या गुडघ्यातला पू राहिलाय, तो आता वर चढेल.” बाबांनी चिडून ठेवला नाही, दर विचारला, वेळ ठरवली आणि नंबर घेऊन थेट पोलीस चौकीत गेले. ठरल्या वेळी कुणी आलं नाही. तो नंबर आता तक्रारीत जोडला आहे.