सौर झटका कुंपण: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सोलापुरात बार्शी रस्त्याच्या बाजूला, माळाला खेटून असलेल्या वसाहतीत रानडुकरांना रोखायला सौर झटका मशीन, म्हणजे उन्हावर भरणाऱ्या बॅटरीतून कुंपणाच्या तारेत क्षणभराचे झटके सोडणारं यंत्र, बसवावं का? दहा महिन्यांनंतर उत्तर 'हो' असंच आहे. मात्र मशीनइतकंच लक्ष अर्थिंगकडे आणि खरकट्याकडे द्यायची तयारी हवी.

जोडणी साधी आहे. 12 व्होल्टची बॅटरी, 40 वॅटचं पॅनेल, मशीन आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेच्या दोन ओळी. खालची ओळ जमिनीपासून 20 सेंटिमीटरवर, वरची 45 वर. खांब चार-चार मीटरवर. जमीन उंचसखल असेल तिथे मध्ये एक जादा खांब ठोका, नाहीतर खळग्यावर तार उंच राहते आणि डुक्कर नेमकं तिथूनच घुसतं. या उंचीला कारण आहे. डुकराच्या अंगावरच्या राठ केसांमुळे झटका नीट लागत नाही, तो लागतो ओल्या नाकाला, आणि डुक्कर पुढे सरकतं ते नाक खाली धरूनच. अस्वलाच्या दाट केसांचीही हीच अडचण. म्हणून अमेरिकेत अस्वलांसाठीच्या कुंपणाला शेंगदाण्याचं बटर लावतात, म्हणजे ते आधी नाक किंवा जीभच लावतं.

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते. तारेतला करंट जनावराच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईत परत आला, तरच झटका बसतो. आपल्याकडचा मुरूम उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा होतो आणि काळी माती भेगाळून सळईपासून सुटते. मग मीटर तारेवर सहा-सात हजार व्होल्ट दाखवतो, पण डुक्कर खुशाल आत येतं. एका सळईवर भागवू नका. दीड-दोन मीटर लांबीच्या तीन जीआय सळया तीन-तीन मीटर अंतरावर ठोका, घराच्या अर्थिंगपासून किमान 10 मीटर लांब. तांब्याची तार जीआय सळईला जोडू नका, सांधा गंजतो. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा सळयांच्या बुडाशी पाणी ओता.

अर्थिंग तपासायची रीत अशी: मशीन बंद करा, शंभरेक मीटरवर लोखंडी सळया तारेला टेकवून जमिनीत रोवा, मशीन चालू करा. तारेवरचा व्होल्टेज 2000 च्या खाली येईपर्यंत सळया वाढवा. दर वेळी आधी मशीन बंद. मग अर्थिंगच्या सळईवर मोजा. 300 च्या वर आकडा आला तर अर्थिंग अपुरं आहे. एवढं करूनही भागत नसेल, तर दोन तारांच्या मध्ये एक तार थेट अर्थिंगला जोडून ओढा. नाक दोन्ही तारांना लागलं की कोरड्या जमिनीतही झटका बसतो.

पावसाळ्यात उलटं होतं. गवत तारेला टेकलं की करंट तिथेच गळतो, आणि सप्टेंबरच्या पावसात ते आठवड्यात वाढतं. तारेखालची पट्टी दर आठवड्याला कापा. वळवाच्या विजांसाठी लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे विजेचा दाब जमिनीत वळवून मशीन वाचवणारा भाग, हवाच. पॅनेलवरची धूळ पुसायला विसरलात, तर पहाटे बॅटरी उतरते. एक-दोन रात्री कुंपण मेलेलं राहिलं तरी कळपाला वाट सापडते, आणि पुन्हा धाक बसायला वेळ लागतो.

घरातली 230 व्होल्टची लाइन तारेत सोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने माणसं मरतात. मशीनचा ठोका क्षणभराचा असतो आणि दोन ठोक्यांमध्ये किमान एक सेकंदाचं अंतर असतं, म्हणून हात सुटतो. थेट लाइनवर सुटत नाही. काटेरी तारेतही झटका सोडू नका, अंग अडकून राहतं. रस्त्याच्या बाजूला पिवळ्या पाट्या लावा.

आता खरकटं. गाईसाठी फाटकाबाहेर ठेवलेल्या शिळ्या भाकरी, चिकनचा कचरा, ओल्या कचऱ्याचा उघडा डबा, हे चालू असेल तर कोणतंही कुंपण कमी पडेल. डबा कडी लागणारा घ्या आणि रात्री नाही, सकाळी घंटागाडीच्या वेळीच बाहेर काढा. वेडी बाभूळ कुंपणालगत ठेवू नका. तिच्या गोड शेंगा डुकरं खातात आणि झुडपात दिवसभर बसतात.

इतकं करूनही डुक्कर आत आलंच, तर घेराव घालू नका, कुत्री सोडू नका. फाटक उघडा, दिवे लावा, मशीन बंद करून बाजूला व्हा. पिल्लांसोबतची मादी कोंडली गेली की अंगावर येते. डुक्कर बाहेर जात नसेल तर वन विभागाच्या 1926 वर फोन करा.